पैसे टाकले की जिंकता येतं का?

बावडा हे इंदापूर तालुक्यातलं गाव. तिथल्या एका शिक्षकमित्राचं पत्र आम्हांला आलं. पत्र छोटंच होतं. गावातल्या मंडळाने कबड्डीच्या स्पर्धेसाठी वर्गणी काढून बाहेरून दोन चढाईपटू आणले. त्यांचं मानधन, जेवणखाण, गाडीभाडं सगळं मंडळाने केलं. ते दोघे संघात आले म्हणून गावातली दोन पोरं बाहेर बसली. त्यांतला एक या शिक्षकांच्या दहावीच्या वर्गातला. एवढं करून संघ उपान्त्य फेरीत हरला. सोमवारी वर्गात प्रश्न आला, "सर, पैसे टाकले की जिंकता येतं का?" सरांनी उत्तर दिलं, "खेळात पैसा नाही, मेहनत लागते." मुलं हसली. पत्राच्या शेवटी आमच्या मित्राने विचारलं होतं, "मी काय उत्तर द्यायला हवं होतं?"

आम्हांला वाटतं, मुलं हसली ते बरोबरच होतं. ती दूरदर्शन संचावर खेळाडूंचे लिलाव पाहतात. पैशाने काहीच होत नसेल तर एवढे हुशार व्यापारी कोट्यवधी रुपये कशाला ओततील? पण उलट उत्तरही, म्हणजे "हो, पैसे टाकले की जिंकता येतं", तितकंच घाईचं ठरेल. मूल्यशिक्षणाच्या तासाला सोडून देण्याजोगा हा प्रश्न नाही. तो मोजता येतो. एका बाजूला खर्च, दुसऱ्या बाजूला जिंकलेले सामने. दोन रकाने आखायचे आणि पाहायचं. गणिताचा तास यापेक्षा चांगला कुठे मिळणार?

सुरुवात कबड्डीपासूनच करू. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली. २०१७ पासून तिच्यात बारा संघ आहेत. दर लिलावात एक खेळाडू सगळ्यांत महाग ठरतो. त्याच्या संघाचं पुढे काय झालं, एवढंच पाहू.

२०१८ साली मोनू गोयत हा सर्वांत महाग. हरियाणा स्टीलर्सने त्याला १ कोटी ५१ लाखांना घेतलं, आणि हा संघ आपल्या गटात तळाला गेला. २०१९ साली आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या सिद्धार्थ देसाईला तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख दिले. संघ बारांमध्ये अकरावा. २०२१ च्या लिलावात प्रदीप नरवालला १ कोटी ६५ लाखांना यूपी योद्धाने घेतलं. संघ उपान्त्य फेरीपर्यंत पोचला. २०२२ साली पवन सेहरावतसाठी तमिळ थलैवाजने सव्वादोन कोटींहून अधिक मोजले. पवन पहिल्याच सामन्यात जखमी झाला आणि पुढे खेळलाच नाही, आणि गंमत अशी, की त्याच्याविना हा संघ आपल्या इतिहासात पहिल्यांदा उपान्त्य फेरीत गेला. तिथे त्याला आपल्या पुणेरी पलटणने हरवलं. २०२३ साली पुन्हा पवनच, आता तेलुगू टायटन्सकडे, २ कोटी ६० लाखांहून थोडी अधिक बोली. संघ शेवटचा, म्हणजे बारावा. २०२४ साली सचिन तंवर, २ कोटी १५ लाख, तमिळ थलैवाज. संघ पहिल्या आठांतही नाही. २०२५ साली इराणचा मोहम्मदरझा शादलुई, २ कोटी २३ लाख, गुजरात जायंट्स. पहिल्या आठांत हाही नाही.

सात लिलाव, सात महागडे खेळाडू, आणि एकदाही त्या संघाला अजिंक्यपद नाही. वर्गात हे फळ्यावर लिहिलं की मुलं ओरडतील, "पैसा वाया!"

इथे खडू खाली ठेवून एक हिशेब करायला हवा. समजा, कोणाला किती पैसे दिले याचा जिंकण्याशी काहीही संबंध नाही. बारा चिठ्ठ्या टोपीत टाकायच्या आणि दर वर्षी एक काढायची, तिच्यावर नाव असेल तो विजेता. महागड्या खेळाडूचा संघ एका वर्षी न जिंकण्याची शक्यता बारात अकरा. सातही वर्षं न जिंकण्याची शक्यता काढायला ११/१२ हा अपूर्णांक सात वेळा स्वतःशी गुणायचा. उत्तर येतं ०.५४. म्हणजे शंभरात चोपन्न वेळा नुसत्या चिठ्ठ्यांनीही नेमकं हेच घडेल! ज्या यादीकडे पाहून आपण "पैसा वाया" म्हणालो, त्या यादीने खरं म्हणजे काहीच सिद्ध केलेलं नाही. बारांतून एकच जिंकतो, बाकीचे अकरा हरतातच. मुलांनी स्वतः हा गुणाकार करावा, शिक्षकांनी सांगू नये. चोपन्न टक्के हे उत्तर स्वतःच्या वहीत आलं की जो धक्का बसतो, तो सांगून बसत नाही.

म्हणजे नुसता विजेता कोण हे पाहून भागत नाही, सगळा गुणतक्ता पाहायला हवा. आणि तक्ता पाहण्याआधी नशिबाचा वाटा किती असतो, याचा अंदाज हवा.

यासाठी आम्ही बावड्याच्या त्या वर्गात गेलो तेव्हा नाणी बरोबर नेली होती. गाळपाचा हंगाम चालू होता, उसाच्या ट्रॅक्टरांच्या आवाजात वर्ग चालला होता. प्रयोग सोपा आहे, आपणही करून पाहा. दहा मुलं म्हणजे दहा संघ. प्रत्येकाने चौदा वेळा नाणं उडवायचं. छापा म्हणजे जिंकला, काटा म्हणजे हरला. (खऱ्या स्पर्धेत एकाचा विजय म्हणजे दुसऱ्याचा पराभव असतो, ती अट आपण इथे सोडून दिली आहे, त्याने फारसं बिघडत नाही.) आता तक्ता लावा. सगळी नाणी सारखीच, कोणी हुशार नाही, कोणी मेहनती नाही, तरीही सगळ्यांना सात-सात विजय मिळत नाहीत. हा खेळ पुनःपुन्हा केला तर सर्वांत वरचं मूल दहाच्या आसपास आणि सर्वांत खालचं चारच्या आसपास असतं.

आता २०२५ सालच्या आयपीएल क्रिकेटचा तक्ता घ्या. संघ दहा, प्रत्येकाचे साखळी सामने चौदा. वरच्या संघांचे विजय नऊ, तळाच्या दोघांचे चार. नाण्यांच्या तक्त्याशेजारी ठेवला तर कुठला खेळाडूंचा आणि कुठला नाण्यांचा हे ओळखणं कठीण! याचा अर्थ क्रिकेटपटू नाणी उडवतात असा अर्थातच नाही. अर्थ एवढाच, की दहाही संघ ताकदीने इतके जवळजवळ आहेत, की चौदा सामन्यांत त्यांच्यातला खरा फरक आणि नशिबाचा फरक वेगळा काढता येत नाही.

संघ इतके जवळ का? कारण प्रत्येकाला खेळाडूंवर खर्च करायची मर्यादा सारखीच ठरवून दिलेली आहे. २०२५ साठी ती प्रत्येकी १२० कोटी रुपये होती. प्रो कबड्डीत २०२३ साली ती ५ कोटी होती.

आणि इथेच या सगळ्या प्रश्नाची खरी गोम आहे. तिच्यासाठी उसाच्या फडात जाऊ. बावड्याच्या परिसरात एखाद्याने पाहणी केली, की रासायनिक खताने उसाचं एकरी उत्पादन वाढतं का? समजा, सगळ्यांनी को ८६०३२ हेच बेणं लावलंय आणि सगळे एकराला जवळजवळ तितकंच खत टाकतात. उत्पादन मात्र कुणाचं चाळीस टन, कुणाचं सत्तर. आलेख काढला तर खत आणि उत्पादन यांचा काहीच संबंध दिसणार नाही. फरक दिसेल तो पाण्याच्या पाळीचा, क्षारपड जमिनीचा, लागणीच्या वेळेचा. यावरून "खताचा उपयोग नाही" असं म्हणणाऱ्याला शेतकरी वेड्यात काढतील. खताचा परिणाम दिसला नाही, कारण खत कमीजास्त केलंच नव्हतं. जी गोष्ट सगळ्यांकडे सारखी आहे, तिने फरकाचं स्पष्टीकरण देता येत नाही. इंग्लंडमधल्या रोदॅमस्टेड येथे शेतांवर खतांचे प्रयोग चालत, तिथे १९१९ साली रोनाल्ड फिशर हा गणिती दाखल झाला आणि अशा प्रश्नांतूनच आजच्या संख्याशास्त्राचा मोठा भाग उभा राहिला. खेळाडूंचे पगार काय आणि अमोनियम सल्फेट काय, गणित एकच.

तेव्हा पैशाचा परिणाम पाहायचा तर असा खेळ शोधायला हवा, जिथे संघांचा खर्च खरोखर कमीजास्त आहे आणि सामनेही भरपूर आहेत. असा खेळ म्हणजे अमेरिकेतला बेसबॉल.

बेसबॉल आपल्याकडे फारसा कोणी खेळत नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे, की क्रिकेटचा हा लांबचा भाऊ आहे. फलंदाज चेंडू मारून धावतो आणि चार तळांना फेरी पुरी केली की एक धाव होते. वरिष्ठ पातळीवर तीस संघ आहेत आणि प्रत्येकजण मोसमात १६२ सामने खेळतो. पगारावर पक्की मर्यादा नाही. ठराविक रकमेपलीकडे गेलं तर कर भरावा लागतो, इतकंच. त्यामुळे श्रीमंत शहरातला संघ गरीब संघाच्या तिप्पट-चौपट पगार देतो. नाण्याचा प्रयोग इथे १६२ वेळा केला, तर तीस मुलांमध्ये वरचा ९४ च्या आणि खालचा ६८ च्या आसपास येईल. प्रत्यक्षात २०२४ साली वरच्या संघाने ९८ सामने जिंकले, आणि शिकागो व्हाइट सॉक्सने अवघे ४१. म्हणजे इथे संघांतला खरा फरक नशिबाच्या गोंधळातून वर डोकं काढतो.

मग पैशाचं काय? बहुतेक मोसमांत आलेख काढला तर ठिपके डावीकडून उजवीकडे वर चढतात. जास्त पगार, जास्त विजय. पण ते रेषेवर नसतात, मोहोळाच्या माश्यांसारखे पसरलेले असतात. लॉस अँजेलिसचा डॉजर्स संघ पगारावर पाण्यासारखा पैसा ओततो आणि २०२४ व २०२५ ही दोन्ही वर्षं तोच अजिंक्य ठरला. तर न्यूयॉर्क मेट्सने २०२३ साली ३३ कोटी डॉलरहून अधिक पगार देऊन, म्हणजे तोवरचा विक्रम करून, १६२ पैकी ७५ सामने जिंकले. निम्मेसुद्धा नाहीत.

या खेळातली सगळ्यांत गाजलेली गोष्ट २००२ सालची. न्यूयॉर्क यँकीज संघाचे पगार साडेबारा कोटी डॉलरच्या घरात, ओकलंडच्या संघाचे चार कोटींच्या. दोघांनी सामने जिंकले १०३ आणि १०३. ओकलंडला हे कसं जमलं? त्यांनी एक साधी गोष्ट हेरली होती. बेसबॉलमध्ये गोलंदाजाने चार वाईट चेंडू टाकले आणि फलंदाज मोहात पडला नाही, तर त्याला फुकटात पहिला तळ मिळतो. असा संयमी फलंदाज दिसायला काही खास नसतो. लोकांना उंच फटके आवडतात, बोलीही त्यांच्यावरच लागते. पण धावा जमवायला हा संयम जवळजवळ तितकाच उपयोगी पडतो. ज्याची किंमत त्याच्या उपयोगापेक्षा कमी लागते, असे खेळाडू ओकलंडने गोळा केले. शिवाय तिथल्या नियमाप्रमाणे खेळाडूला पहिली काही वर्षं किमान पगाराच्या जवळपासच मिळतं, मनासारखा बाजारभाव मिळायला सहा वर्षं खेळावं लागतं. ओकलंडचे तीन उत्तम गोलंदाज तेव्हा याच स्वस्ताईच्या वयात होते. २००३ साली मायकेल लुईस यांनी या संघावर पुस्तक लिहिलं आणि गुपित फुटलं. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा दिसलं, की संयमी फलंदाजांचे भाव त्यानंतर चढले होते. (त्या वर्षी ओकलंड आणि यँकीज दोघेही बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात हरले. १६२ सामन्यांत जे दिसतं ते पाच सामन्यांत दिसेलच असं नाही.)

आणखी एक पेच आहे. जास्त पगार देणारा संघ जास्त जिंकतो असं दिसलं, तरी कारण कोणतं आणि परिणाम कोणता? जिंकणाऱ्या संघाची तिकिटं खपतात, जाहिराती मिळतात, आणि तो जिंकलेल्या खेळाडूंचे पगार वाढवतो. म्हणजे विजय आधी आणि पैसा नंतर, असंही असू शकतं. हॉल, शिमान्स्की आणि झिंबालिस्ट या तिघांनी २००२ साली नेमकं हेच तपासलं. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये पगारामागून यश येतं या म्हणण्याला आकडेवारी विरोध करत नव्हती. बेसबॉलच्या १९८० ते २००० या काळात मात्र तसा स्पष्ट पुरावा त्यांना मिळाला नाही. दोन गोष्टी हातात हात घालून चालल्या तरी कोण कोणाला ओढतंय हे नुसतं पाहून कळत नाही.

किंमत कालच्या खेळावर ठरते आणि सामना उद्या असतो, ही गोष्ट समजायला अमेरिकेला जायची गरज नाही. २०१७ साली पुण्याच्या रायझिंग पुणे सुपरजायंट संघाने जयदेव उनाडकट या गोलंदाजाला ३० लाखांत घेतलं. त्याने त्या मोसमात २४ बळी घेतले, आणि संघ अंतिम सामन्यात मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरला. पुढच्या वर्षी राजस्थान रॉयल्सने त्याच उनाडकटला साडेअकरा कोटींना घेतलं. बळी मिळाले अकरा. उनाडकट एका वर्षात खेळ विसरला का? नाही. २४ बळींत त्याचं कौशल्य होतं, तसं थोडं नशीबही होतं. झेल हातात बसले, फटके क्षेत्ररक्षकाकडे गेले. किंमत ठरली ती दोन्ही मिळून. पुढच्या वर्षी बरोबर आलं ते फक्त कौशल्य. वार्षिक परीक्षेत पहिला आलेला मुलगा पुढच्या चाचणीत थोडा खाली येतो आणि आपण म्हणतो, "डोक्यात हवा गेली." पुष्कळदा ती हवा नसते, हे गणित असतं. (हे लिहिताना आम्हांला आमची काही जुनी प्रगतिपुस्तकं आठवली.)

सिद्धार्थ देसाईची गोष्ट याच्या उलट. २०१८ साली यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं, त्याने चढाईचे २१८ गुण मिळवले. पुढच्या वर्षी चौपट किंमत मोजून तेलुगू टायटन्सने नेलं, आणि त्याने २१७ गुण मिळवले. पठ्ठ्याने एका गुणाचाच काय तो फरक केला! तरी संघ अकरावा. कारण चढाईपटू बाद झाला की बाहेर बसतो, त्याला परत आणायला बाकीच्या सहांनी समोरच्यांचा गडी बाद करावा लागतो. मर्यादा पाच कोटींची असताना निम्मे एकावर घातले, तर बाकीच्या सगळ्यांना उरलेल्या निम्म्यात आणावं लागतं.

मग तसं करूच नये का? २०२३ चा मोसम पाहा. तेलुगू टायटन्सने पवनवर निम्म्याहून अधिक रक्कम घातली आणि २२ पैकी दोन सामने जिंकले. त्याच लिलावात पुणेरी पलटणने शादलुईवर २ कोटी ३५ लाख, म्हणजे निम्म्याला थोडे कमी, घातले आणि १७ सामने जिंकून १ मार्च २०२४ रोजी अजिंक्यपदही मिळवलं. (बावीस नाण्यांच्या प्रयोगात बारा मुलं साधारण सात ते पंधरामध्ये राहतात. सतरा आणि दोन हे दोन्ही आकडे त्याबाहेरचे आहेत, तेव्हा हे निव्वळ नशीब नव्हे.) जुगार एकच, निकाल दोन टोकांना. फरक उरलेल्या निम्म्यात होता. पुण्याकडे अस्लम इनामदार, मोहित गोयत यांच्यासारखी पोरं होती. नवोदित म्हणून संघाने त्यांना आधीच घेतलं होतं, दोन-तीन मोसम एकत्र खेळवलं होतं, आणि बाजारभाव चढण्याआधीच ती तयार झाली होती. ओकलंडच्या त्या तीन गोलंदाजांसारखीच. अस्लम आपल्या नगर जिल्ह्यातला. अजिंक्यपद मिळालं तेव्हा कर्णधार तोच होता.

आता मंडळाकडे परत येऊ. आमच्या मित्राला आम्ही लिहिलं, की मंडळाने चार वर्षांत पाच-सहा स्पर्धा खेळल्या असतील, प्रत्येकीत तीन-चार सामने. एवढ्यावरून बाहेरचे खेळाडू आणून फायदा झाला की तोटा, हे निकाल पाहून सांगता येणार नाही. नाण्यांनीही असेच निकाल दिले असते. पण सामने थोडे असले तरी चढाया पुष्कळ असतात, एका सामन्यात डझनावारी. चढाई हा एकक धरला तर दोन दिवसांच्या स्पर्धेत शेकडो नोंदी मिळतात. वहीत रकाने आखा. कोणाची चढाई, समोर किती गडी होते, गुण किती मिळाले, बाद झाला की रिकामा परतला. पकडीचा रकाना वेगळा, कारण पकड करणाऱ्याचं नाव लोकांच्या लक्षात राहत नाही. पाहुण्या खेळाडूची सरासरी आणि गावातल्या पोराची सरासरी यांच्यात जो फरक येईल, त्याला मंडळाने मोजलेल्या रुपयांनी भागा. दर गुणाला किती रुपये पडले ते कळेल. एक खबरदारी मात्र हवी. सात गड्यांसमोर चढाई करणं आणि तीन गड्यांसमोर करणं यांत फरक आहे, तेव्हा तुलना सारख्या परिस्थितीतल्या चढायांचीच करावी.

पुढच्या स्पर्धेला वर्गातली चार मुलं वही घेऊन मैदानाच्या कडेला बसली. बाहेर बसवलेल्या त्या दहावीतल्या मुलाकडे पकडींचा रकाना होता. दोन दिवसांत चौऱ्याण्णव पानांची वही निम्मी भरली. स्पर्धा संपल्यावर मंडळाच्या कार्यकर्त्यांना याचा सुगावा लागला आणि त्यांनी "बघू तरी" म्हणून वही मागून नेली. आमच्या मित्राचं दुसरं पत्र आलं तोवर ती परत आलेली नव्हती. मुलांनी आता नक्कल करून ठेवायची युक्ती शोधली आहे.